एवढं वर कशाला जायचं?

मराठी सिनेमा हल्ली जमिनीवर सुरू होत नाही. आधी आकाश. मग नारळाची झाडं, पण वरून. म्हणजे झाड दिसतच नाही, नुसती हिरवी चक्रं दिसतात. मग नदी, नदीवरचा पूल आणि पुलावरून जाणारी एकुलती एक गाडी. त्या पुलावर एरवी डंपर, वडाप, उसाच्या बैलगाड्या आणि मधोमध थांबून फोनवर बोलणारा एक मोटारसायकलवाला असतो, हे त्या तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पहिल्या मिनिटाला सगळ्यांना बाजूला घेतलेलं असतं. गाडी वळते, आपणही वळतो. देवळाचा कळस येतो. कळसाला प्रदक्षिणा होते, तीही बहुतेक वेळा उलटी. मग खूप खाली कुठंतरी ठिपक्याएवढा माणूस दिसतो आणि तोवर आपल्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते, की निर्मात्याकडे ड्रोन आहे.

एवढंच कळलेलं असतं. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती जरा सविस्तर आहे.

उंचीला माझा विरोध नाही. हिचकॉकच्या १९६३ सालच्या 'द बर्ड्स'मध्ये कॅमेरा असाच एकदा आभाळात जातो. खाली पेट्रोलपंपापाशी आग लागलेली असते, माणसं सैरावैरा पळत असतात, आरडाओरडा चाललेला असतो. आणि अचानक आपण वर. गाव निवांत दिसतं, समुद्र दिसतो, आगीची एक रेघ दिसते. आता जरा सुटलो असं वाटतं न वाटतं तोच चौकटीत एक पक्षी शिरतो. मग दुसरा. मग थवा. तेव्हा लक्षात येतं की आपण इतका वेळ त्यांच्या बाजूनं बघत होतो. हिचकॉककडे ड्रोन नव्हता. त्या गावाचा बराचसा भाग अल्बर्ट व्हिटलॉक नावाच्या चित्रकारानं हातानं रंगवलेला होता आणि पक्षी वेगळे चित्रित करून त्यावर बसवले होते. पडद्यावर हा सगळा खटाटोप काही सेकंद टिकतो. पण वर का गेलो, हे त्या काही सेकंदांत कळतं.

आमच्याकडे कर्जबाजारी शेतकऱ्याच्या सिनेमातही कॅमेरा वर जातो. वरून त्याचं शेत इतकं हिरवंगार आणि आखीव दिसतं की बँकेनं त्याला आणखी कर्ज द्यावं. त्याच्या डोक्यावर घिरट्या घालणारी ही नजर कोणाची, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. सावकाराची म्हणावं तर सावकार पुढच्याच दृश्यात ओसरीवर बसलेला असतो. देवाची म्हणावं तर देव एवढा जवळ असता तर सिनेमा काढावा लागला नसता. पीकविम्याच्या पाहणीला आलेल्या साहेबाची असेल, ही शक्यता मी स्वतःच खोडली. ते रस्त्यानंसुद्धा येत नाहीत.

हे असं का होतं, याचं कारण कलेत नाही, दरात आहे. वर जायला पूर्वी क्रेन लागायची, त्याहून वर जायचं तर हेलिकॉप्टर. त्यामुळे वर जायच्या आधी दिग्दर्शकाला निर्मात्याला पटवावं लागे आणि पटवताना बहुधा स्वतःलाही पटवावं लागे. आता ड्रोनवाला दिवसाच्या भाड्यावर मिळतो, आणि भाडं दिलंच आहे तर बसवून कशाला ठेवायचा. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट दिली म्हणून ती कोणी श्रीखंडावर भुरभुरत नाही. सिनेमात मात्र तसंच चाललंय.

संथ गतीचंही हेच झालं. फाळक्यांच्या कॅमेऱ्याला हँडल होतं आणि ते हातानं फिरवावं लागे. पुढं बोलपट आला, सेकंदाला २४ चित्रं हा हिशेब ठरला. आता चित्रण करताना सेकंदाला ४८ चित्रं घेतली आणि दाखवताना मात्र २४च्या वेगानं दाखवली, तर दोन सेकंदांची गोष्ट चार सेकंद चालते. माणूस पाण्यातून चालल्यासारखा चालतो. पण ४८ चित्रं म्हणजे दुप्पट फिल्म, आणि फिल्म विकत आणावी लागे. म्हणून ज्याला संथ करायचं तो माणूस तसा महत्त्वाचा असावा लागे, निदान त्याचा प्रसंग तरी.

अकिरा कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराय'मध्ये, १९५४ साली, हा मान एका चोराला मिळाला. एका लहान मुलाला ओलीस धरून तो झोपडीत दडून बसलेला असतो. सामुराय भिक्षूचा वेष घेऊन आत जातो. आत काय होतं ते आपल्याला दाखवत नाहीत. चोर बाहेर धावत येतो, थबकतो आणि कोसळतो, अगदी सावकाश, पायाखालची धूळ उडवत. भोवती जमलेली माणसं मात्र नेहमीच्या वेगात. म्हणजे त्याच्यापुरताच काळ वेगळा झालेला आहे. दृश्याला नाव द्यायची गरज नाही, मरण आहे हे कळतं.

आमच्या सिनेमात नायक रिक्षातून उतरला तरी काळ वेगळा होतो. तो पाय जमिनीवर टेकवतो, चष्मा काढतो, केस उडतात. चष्मा काढला की पुन्हा लावतो, कारण पुढच्या दृश्यात काढायचा असतो. ही दृश्यं खऱ्या वेगानं दाखवली तर आमचे पुष्कळ सिनेमे मध्यंतरातच संपतील आणि लोकांना शेवटची बस मिळेल.

या सगळ्याला 'सैराट' जबाबदार आहे असं म्हणायची पद्धत आहे. मला ते मान्य नाही. २०१६च्या त्या सिनेमात नागराज मंजुळेंनी पूर्वार्धात संथ गती, शेतशिवार आणि अजय-अतुल यांचा थेट हॉलिवूडमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केलेला वाद्यवृंद यांचा मुक्तहस्ते वापर केला, हे खरं. पण ते सगळं आर्ची-परश्याच्या डोक्यातलं होतं. त्या वयात सगळ्यांनाच वाटतं की आपण चाललो की मागं शंभर व्हायोलिनं वाजताहेत. उत्तरार्धात दोघं हैदराबादला पोचतात आणि सिनेमा ही चैन एकेक करून काढून घेतो. खोली, नाला, कामाची जागा, भांडण; सगळं माणसाच्या उंचीवरून आणि माणसाच्या वेगानं. आणि अगदी शेवटी लहान मूल दारातून आत जातं, बाहेर येतं, तेव्हा आवाजसुद्धा उरत नाही. ज्यानं दोन अडीच तास आपल्याला एवढं ऐकवलं, त्यानं गप्प व्हायचं ठरवलं की काय होतं, ते थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यानंतर आलेल्यांनी त्यातला फक्त पूर्वार्ध उचलला. उत्तरार्ध उचलायला जड असावा.

सिनेमात होतं ते सिनेमात राहिलं असतं तरी मी हा कागद पुढ्यात घेतला नसता. पण ते कार्यालयात आलं. नात्यातल्या एका लग्नात शूटिंगची दोन पोरं होती, एक जमिनीवर आणि एक ड्रोन हातात घेऊन लॉनच्या कडेला. मंगलाष्टकं सुरू झाली तसा ड्रोन वर गेला आणि अंतरपाटाच्या बरोबर वर येऊन थांबला. त्याच्या वाऱ्यानं अंतरपाट शिडासारखा फुगला. गुरुजींनी एका हातानं पोथी दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं उपरणं. आम्ही टाकलेल्या अक्षता वधूवरांपर्यंत न पोचता आमच्याच अंगावर परत आल्या. शेवटचं सावधान झालं, वाजंत्री वाजली, हार घातले गेले. तेवढ्यात जमिनीवरचा पोरगा म्हणाला, "काका, फोकस गेला. एकदा परत करू या ना. अंतरपाट धरा फक्त."

परत धरला. गुरुजींनी शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं. अक्षता संपल्या होत्या म्हणून मुलांनी खाली सांडलेल्या गोळा करून दिल्या. म्हणजे शास्त्रानं या दोघांचं लग्न एकमेकांशी दोनदा लागलेलं आहे. दुसऱ्या वेळी मुहूर्त टळून गेला होता, तेव्हा कुंडली कुठली धरायची असं मी गुरुजींना विचारलं. ते दक्षिणा मोजत होते.

पुढं तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला. त्यात मी काही क्षण आहे. पंगतीत बसून मठ्ठा पितोय. पण फुलपात्र ताटावरून उचललं जातं ते ओठांपर्यंत यायला इतका वेळ लागतो, आणि मागं कुठलंसं जाडसर आवाजाचं तंतुवाद्य असं काही घोगरं वाजत राहतं, की माझ्या साताऱ्याच्या मेव्हण्यानं रात्री फोन केला. "दाजी, तब्येत बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, बरी आहे, का? "न्हाई, व्हिडिओत बघितलं." मेव्हण्यानं 'सेव्हन सामुराय' पाहिलेला नाही. पण सावकाश होणारा माणूस कुठं चाललेला असतो, हे त्याला बरोबर कळलं. त्या शूटिंगवाल्या पोराला कळलेलं नाही. त्यानं मला, मांडववाल्याला, नवरीच्या आईला आणि जिलबीच्या कढईला एकच वेग दिला.

त्या घोगऱ्या तंतुवाद्याकडे आता येतो, कारण माझी खरी दुखरी जागा तीच आहे.

पडद्यावर आई भाकरी थापत असते. भाकरीला स्वतःचा आवाज असतो. परातीवर पडणारा हात, बांगड्या, मध्येच पाण्याचा हात फिरवला की तो थांबतो, चुलीत काटकी मोडते. पोरगा शहरात जायला निघालाय, ती बोलत नाही, थापत राहते. एवढ्यावर माझं पोट भरतं. पण दुसऱ्या थापेला व्हायोलिन सुरू होतं, तिसरीला बासरी, चौथीला एक बाई शब्दांशिवाय गळा काढते. भाकरी दिसते, ऐकू येत नाही. मला कळतं की इथं रडायचं आहे. मी रडणारच होतो. आता मी मुद्दाम रडत नाही.

कोणी म्हणेल, बोलपट म्हटला की हे आलंच. १९३७ साली प्रभातनं 'कुंकू' काढला, तेव्हा भारतात बोलपटाला जेमतेम सहा वर्षं झाली होती. नवीन खेळणं हातात आलं की माणूस ते वाजवत सुटतो. शांतारामबापूंनी उलट केलं. त्या सिनेमात त्यांनी पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. गाणी आहेत, पण ग्रामोफोन लावला की सूर येतो, तो कुठून आला हे दिसतं. बाकी घर स्वतःच बोलतं. भिंतीवरचं घड्याळ आहे, आणि त्या घड्याळाच्या घरात फसवून लग्न लावून आणलेली नीरा आहे, शांता आपटे. तिच्यासमोर म्हातारा नवरा, केशवराव दाते, काळाची टिकटिक ऐकत मिशा रंगवतो. फुटलेल्या आरशात त्याला स्वतःचे एकाऐवजी अनेक चेहरे दिसतात. तिथं आजचा संगीतकार असता तर प्रत्येक तुकड्याला एक ढोल दिला असता.

संगीताशी माझं वैर आहे असा समज नको. 'सायको'च्या न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको असंच हिचकॉकचं मत होतं. बर्नार्ड हरमननं तरीही ती किंचाळणारी व्हायोलिनं लिहिली, ऐकवली आणि हिचकॉकनं मत बदललं. म्हणजे तिथं दोन माणसांत वाद झाला. तीन वर्षांनी 'द बर्ड्स'ला त्याच हिचकॉकनं नेहमीचं पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. पक्ष्यांचे आवाज, काही यंत्रावर तयार केलेले, तेवढेच. आणि गर्दीचा सिनेमा म्हणाल तर 'शोले' घ्या. आर. डी. बर्मन हाताशी असताना ठाकूरच्या घरातल्या माणसांच्या हत्याकांडात आठवतो तो झोक्याच्या कडीचा करकर आवाज. आता वाद होत असतील असं वाटत नाही. संगीतकाराला कोणी "इथं नको" म्हणत असेल तर तो आवाज संगीतात बुडून जात असावा.

मालिकांबद्दल मी बोलणार नव्हतो, पण आमच्या घरी संध्याकाळी दुसरं काही बोलताच येत नाही. सून म्हणते, "मी आज माहेरी जाणार नाही." बास. सासूचा चेहरा, एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा नाकातली नथ पडद्याबाहेर येईल इतक्या जवळून. प्रत्येक वेळी वीज कोसळते. मग नणंद. मग धाकटी जाऊ. मग दीर, ज्याचा या माहेराशी काही संबंध नाही. मग जिन्यावर उभी असलेली कामवाली मावशी, जिला पुढच्या महिन्यात कट करायचा आहे. तोवर आमच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन गेलेल्या असतात आणि सून अजून माहेरी गेलेली नसते. मी काही बोललो की आतून उत्तर येतं, "अहो, बघायचं नसेल तर गवार निवडा." मी बघत बघत निवडतो.

साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला असं सांगतात. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच कोरा चेहरा घेतला. तो एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा मुलाच्या शवपेटीशेजारी, एकदा एका बाईशेजारी. लोकांना वाटलं, काय नट आहे! भूक, दुःख, अभिलाषा, काय काय दाखवलं यानं! चेहरा तोच होता, भाव बघणाऱ्यांनी आणले होते. चित्रपटाच्या संकलनावरची सगळी पोथी या एका गोष्टीवर उभी आहे. तो दीर मी गेली काही वर्षं बघतोय. चहा सांडला, वहिनी पडली, प्रॉपर्टी गेली, बाबा परत आले, चेहरा तोच. तो एकदाच शूट करून कपाटात ठेवला असावा अशी माझी खात्री होत चालली आहे. फरक इतकाच, की कुलेशोवनं बघणाऱ्यावर विश्वास ठेवला आणि इकडे विजेवर ठेवलाय.

रंगांचं थोडक्यात सांगतो, नाहीतर गवार राहील. २००० साली कोएन बंधूंच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' या सिनेमाचे रंग संगणकावर पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत बदलले गेले. छायालेखक रॉजर डीकिन्स. मिसिसिपीतला हिरवागार उन्हाळा त्यांनी वाळलेला, पिवळट केला, कारण कथा मंदीच्या काळातली, धुळीची होती. कारण होतं म्हणून रंग बदलला. आमच्याकडे गाव म्हटलं की हळद आणि मुंबई म्हटलं की नीळ. ज्वारीचं ताट मी पाहिलेलं आहे; ते कावीळ झाल्यासारखं नसतं. आणि भूतकाळ तपकिरी. एका सिनेमात १९९५ साल तपकिरी होतं. १९९५ साली रंग होते. मी होतो तिथं.

अंधारही असाच. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या २०१९च्या एका भागात मोठी लढाई झाली म्हणतात. लोकांनी तक्रार केली की काही दिसलं नाही, तेव्हा छायालेखकानं प्रेक्षकांच्या टीव्हीच्या सेटिंगकडे बोट दाखवलं. म्हणजे लढाईत हरलो आम्हीच. व्ही. के. मूर्तींनी १९५९ साली 'कागज के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत अंधार ठेवला होता, पण आरशांनी ऊन आत वळवून त्यात प्रकाशाचा एक जाड झोत सोडला होता. तो झोत होता म्हणून अंधार दिसला. नुसता अंधार दाखवायचा तर महावितरण आहेच.

टीव्हीच्या सेटिंगचा विषय निघालाच आहे तर ऐका. नवीन टीव्ही लावायला आलेल्या मुलानं जाता जाता त्यात काहीतरी चालू करून दिलं. "काका, आता बघा, एकदम क्लिअर." क्लिअर म्हणजे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं आणखी चित्रं तयार करून घालतो. कंपनीला वाटतं २४ चित्रं कमी पडतात. त्यामुळे हालचाल तेल लावल्यासारखी गुळगुळीत होते आणि शांतारामबापूंचा 'पिंजरा' काल दुपारी कोणाच्या तरी बंगल्यात शूट केल्यासारखा दिसतो. हे बंद करा म्हणून टॉम क्रूझनं २०१८ साली विमानाशेजारी उभं राहून व्हिडिओ काढला होता. जो माणूस उडत्या विमानाला बाहेरून लटकतो, त्यालाही टीव्हीच्या रिमोटपुढं विनवणी करावी लागली, तिथं माझं कोण ऐकणार.

पण त्याहून मोठा अन्याय आडवा आहे. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेले असत. टीव्ही आता लांबोडका आहे. दोन्ही बाजूंना काळी जागा सोडली की भागतं. पण काळी जागा दिसली की लोकांना टीव्हीचे पैसे वाया गेले असं वाटतं. म्हणून चित्र ताणतात. एका सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांकडे 'संत तुकाराम' लावला होता. दामले-फत्तेलालांचा, १९३६ सालचा, ज्याचा व्हेनिसमध्ये गौरव झाला तो. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले आणि मी बघतच राहिलो. तुकाराम खाऊनपिऊन सुखी दिसत होते. गाल वर आलेले, खांदे पैलवानासारखे. जिजाई घरात दाणा नाही म्हणून कावलेली, पण तिचीही रुंदी अशी, की तिचा संताप खोटा वाटायला लागला. पोरं गुटगुटीत. शेजारी म्हणाले, "त्या काळी खाणंपिणं शुद्ध होतं हो." उपाशी घराचा सिनेमा एका बटणानं खात्यापित्या घराचा झाला. ज्या माणसाचं सगळं सोडून देणं हाच विषय, त्याच्या अंगावर सोडण्यासारखं पुष्कळ शिल्लक होतं. शेवटी वैकुंठाला जाताना गरुडावर जरा जास्तच भार पडतोय असं वाटलं. मराठी पडद्यावर वर जायला खरोखर कारण असलेला तो एक प्रसंग, तोही मला नीट बघता आला नाही. मी रिमोट मागितला. शेजारी म्हणाले, "असू द्या, फुल स्क्रीन आहे."

न हलणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल एवढंच, की तो आमच्या लोकांना सोसत नाही. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये कॅमेरा एका जागी बसून राहतो, कोर्टात बसावं लागतं तसाच. वकील वाचतात, तारीख पडते, पुढची केस पुकारली जाते. बाजूच्या खुर्चीतले गृहस्थ सारखे मागं वळून प्रोजेक्टरच्या भोकाकडे बघत होते, यंत्र अडकलं की काय म्हणून. पलीकडे एकजण होता त्यानं लॉ कॉलेज रस्त्यावरचा चित्रपट रसास्वादाचा वर्ग केलेला होता. पुण्यात प्रत्येक रांगेत एक असतो. तो त्याच्या मित्राला फ्रेंच शब्द पुरवत होता. सिनेमाच्या शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, लोक जातात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. बाजूचे गृहस्थ उठले, पिशवी घेतली, पायावर पाय देत निघून गेले. मग पडदा उजळतो आणि न्यायाधीश महाराज सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलक्या घेताना आणि पोरांनी दचकवल्यावर एकाच्या थोबाडीत मारताना. ते गृहस्थ हे न बघता घरी गेले. त्यांनी पाहिलेल्या सिनेमात न्यायव्यवस्था फक्त संथ आहे.

एवढ्या तक्रारी कोणाकडे करायच्या, हाही प्रश्नच आहे. ड्रोन कोणी उडवला, व्हायोलिन कोणी घातलं, जग हळदीत कोणी बुचकळलं, या सगळ्यांची नावं सिनेमाच्या शेवटी येतात. मी ती वाचायला बसून राहतो. पण पहिलं नाव वर सरकतं न सरकतं तोच थिएटरचे दिवे लागतात, झाडूवाले आत येतात आणि एकजण माझ्या पायाखालचे पॉपकॉर्न गोळा करत म्हणतो, "काका, संपला." घरी बघावं तर नावं सुरू होताच चित्र काड्यापेटीएवढं होऊन कोपऱ्यात जातं आणि पुढचा भाग किती सेकंदांत लागणार त्याचा आकडा उतरायला लागतो. छायालेखकाच्या आडनावापर्यंत मी एकदा पोचलो होतो. तेवढ्यात पुढचा भाग लागला. वरून. नारळाची झाडं.